वही का फेकली जाते?



छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालात की सुमारे ६५ किलोमीटरवर सिल्लोड हे तालुक्याचे गाव लागते. हा तालुका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. येथल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "मिरचीची पाने आकसली तर तुम्ही काय करता?" जाणता शेतकरी लगेच औषधाचे नाव सांगणार नाही. तो आधी पान हातात घेईल आणि उलटून पाहील. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. त्या खाली वळल्या असतील तर कोळी नावाच्या अतिशय बारीक जीवाचा संशय येतो. पांढऱ्या माशीने विषाणू आणून सोडला असेल तर प्रकार आणखी निराळा. लांबून पाहणाऱ्याला तिन्ही झाडे सारखीच रोगट दिसतात. गावात तिन्हींना एकच नाव असते, चुरडा-मुरडा किंवा बोकड्या. पण उपाय तीन ठिकाणी तीन. कोळी हा आठ पायांचा जीव, तो कीटक नाही. म्हणून कीटकांवरचे प्रत्येक औषध त्याला लागू पडतेच असे नाही. आणि विषाणू शिरलेले झाड तर कोणत्याच फवारणीने बरे होत नाही. तेथे माशीलाच आवर घालावा लागतो.

मिरचीच्या पानाबाबत आपण एवढी चौकशी करतो. मग वर्गातल्या एखाद्या मुलाने वही फेकली, तर तेवढी चौकशी का बरे करीत नाही?

एकच वर्तन, तीन कारणे

समजा, सिल्लोडजवळच्या एका शाळेत पाचवीचा वर्ग भरला आहे. या वर्गात तीन मुले अशी आहेत, की ती अधूनमधून वही जमिनीवर आपटतात आणि ओरडतात. पहिल्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे. तो बोलण्यात हुशार आहे, परंतु छापील अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे चटकन शब्द बनत नाहीत. दुसऱ्या मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. तिला धडे सावकाश समजतात, आणि वर्गात तिच्याशी बोलायला सहसा कोणी जात नाही. तिसरा मुलगा स्वमग्न आहे. त्याला मोठा आवाज सहन होत नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला की तो कानांवर हात ठेवतो.

आता गुरुजींनी तिघांनाही एकच उपाय केला असे धरा. वही फेकली की मोठ्याने रागवायचे आणि वर्गाबाहेर उभे करायचे. काय होईल?

पहिल्या मुलाची वाचनातून सुटका होईल. त्याला नेमके तेच हवे होते! उद्या वाचनाची पाळी आली की तो पुन्हा वही फेकील. दुसऱ्या मुलीकडे सकाळपासून कोणी पाहिलेही नव्हते. आता गुरुजी तिच्याशी बोलले आणि चाळीस मुलांनी तिच्याकडे वळून पाहिले. रागावणे का होईना, कोणाचे तरी लक्ष मिळाले. तीही पुन्हा वही फेकील. तिसऱ्या मुलाला आवाजाचाच त्रास होत होता. गुरुजींच्या मोठ्या आवाजाने तो अधिकच घाबरेल. म्हणजे एकाच शिक्षेने तिघांचेही वही फेकणे वाढले. गुरुजी मात्र म्हणतील, "किती शिक्षा केली, तरी ही मुले सुधारत नाहीत." आणि मग एखाद्या दिवशी पालकांना बोलावणे जाईल, "याला घरीच ठेवा." अपंगत्व असलेल्या कितीतरी मुलांचे शिक्षण अशा एका वाक्यापाशी थांबले आहे.

मांजर, पेटी आणि एक नियम

या कोड्याचा धागा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाती लागला. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना एका पेटीत ठेवून प्रयोग केले आणि ते १८९८ साली प्रसिद्ध केले. पेटीचे दार आतल्या एका युक्तीने उघडत असे. मांजर आधी ओरबाडे, धडपडे, आणि केव्हातरी चुकून ती युक्ती साधून जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर तिचा वेळ कमी कमी होत गेला. यावरून थॉर्नडाइकने नियम मांडला, की ज्या कृतीनंतर हवेसे काही घडते, ती कृती पुन्हा केली जाण्याचा संभव वाढतो. पुढे बी. एफ. स्किनर आणि इतरांनी हा नियम बारकाईने तपासला.

मूल म्हणजे मांजर नव्हे, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरेच आहे. मुलाला भाषा असते, आठवणी असतात, मान-अपमान असतो. तरीही हा नियम आपल्या सर्वांना लागू पडतो. म्हणून कोणतेही वर्तन समजून घ्यायचे असेल तर तीन गोष्टी लिहाव्या लागतात. त्याच्या लगेच आधी काय घडले? मुलाने नेमके काय केले? आणि लगेच नंतर काय घडले? वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि त्यांना 'आधी', 'वर्तन' आणि 'नंतर' अशी नावे द्या. एवढ्या साध्या तक्त्यावर या शास्त्राची सारी इमारत उभी आहे.

दुसऱ्या रकान्यात 'मस्ती केली', 'उद्धटपणा केला' असे लिहून चालत नाही. ते आपले मत झाले. 'वही जमिनीवर टाकली' ही नोंद झाली. दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहून सारखीच मोजणी केली, तरच ती नोंद भरवशाची. तापमापीत जसे आकडे वाचतो, तसेच हे आहे.

आता आपल्या पहिल्या मुलाचा तक्ता भरू. समजा, आठ दिवसांत त्याने बारा वेळा वही फेकली. त्यांपैकी दहा वेळा 'आधी'च्या रकान्यात 'मोठ्याने वाचायला सांगितले' असे आले, आणि 'नंतर'च्या रकान्यात 'वाचन थांबले' असे आले. खेळाच्या, चित्रकलेच्या तासाला एकदाही नाही. तक्ता काय सांगतो? हा मुलगा भांडखोर असता तर सगळ्याच तासांना भांडला असता. तो वहीच्या भाषेत म्हणतो आहे, "मला हे जमत नाही, मला यातून सोडवा."

'खाली बसा' म्हटल्याने काय झाले?

१९६८ साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मुले जागा सोडून उठत असत आणि शिक्षिका त्यांना "खाली बसा" असे सांगत. शास्त्रज्ञांनी उठणाऱ्या मुलांची मोजणी केली. मग काही दिवस "खाली बसा" ही सूचना मुद्दाम वाढवली. उठणारी मुले कमी झाली असतील ना? छे! ती वाढली. सूचना पुन्हा पूर्वीइतकी केली तेव्हा उठणेही कमी झाले. पुन्हा वाढवली तेव्हा पुन्हा वाढले. शेवटी शिक्षिकांनी उठणाऱ्यांकडे लक्ष देण्याऐवजी बसून काम करणाऱ्यांचे कौतुक केले, आणि उठणे घटले.

सूचना मिळताच मुले क्षणभर बसत होती. म्हणून शिक्षिकांना वाटे, आपला उपाय चालतो आहे. पण उठले की लक्ष मिळते, हेही मुले शिकत होती. मोजणी नसती तर हे कोणाच्या ध्यानातच आले नसते.

प्रयोगाची रीतही पाहून ठेवा. उपाय सुरू केला, थांबवला आणि पुन्हा सुरू केला. प्रत्येक वेळी वर्तन त्याप्रमाणे बदलले, म्हणून तो योगायोग नव्हे असे म्हणता आले. 'कसोटीला उतरलेला उपाय' असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे अशा तपासण्या असतात, आणि एका ठिकाणी नव्हे तर निरनिराळ्या वर्गांत, निरनिराळ्या माणसांनी केलेल्या.

वही ऐवजी वाक्य

तरी एक प्रश्न उरतोच. वही फेकणे ही मुलाची भाषा असेल, तर ती नुसती बंद करून कसे चालेल? त्याचे म्हणणे मग तो कसे सांगणार?

याचे उत्तर १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांच्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी विकासात्मक अक्षमता असलेली चार मुले घेतली. ही मुले वर्गात आरडाओरड आणि आदळआपट करीत. प्रत्येकाचे वर्तन केव्हा वाढते, हे आधी तपासले. काहींचे काम अवघड झाले की वाढे, काहींचे मोठ्यांचे लक्ष कमी झाले की वाढे. मग प्रत्येकाला एकेक वाक्य शिकवले. काम अवघड वाटे त्याला, "मला समजत नाही," हे वाक्य. ते म्हटले की मदत मिळे. लक्ष हवे असे त्याला, "मी चांगले काम करतो आहे ना?" हे वाक्य, ते म्हटले की कौतुक मिळे. आदळआपट झपाट्याने कमी झाली. गंमत अशी, की चुकीचे वाक्य शिकवले, म्हणजे लक्ष हवे असलेल्याला मदतीचे आणि मदत हवी असलेल्याला कौतुकाचे, तेव्हा काही फरक पडला नाही. मिरचीच्या औषधासारखेच झाले हे. कारणाला जुळणारा उपायच लागू पडला.

ज्याला बोलता येत नाही त्याने काय करावे? त्याच्या हाती एक चित्र देता येते, किंवा एखादी खूण शिकवता येते. आपल्या वर्गातला तिसरा मुलगा छपरावर पाऊस वाजू लागताच लाल पुठ्ठ्याचा तुकडा बाईंच्या टेबलावर ठेवील आणि पाच मिनिटे ओसरीच्या शांत कोपऱ्यात जाऊन येईल. सुरुवातीला तो पुठ्ठा वारंवार ठेवील, त्याने बिचकू नये. आपले म्हणणे ऐकले जाते अशी खात्री पटली, की मग हळूहळू थांबण्याचा वेळ वाढवता येतो.

वर्गात आणखी काय करता येते?

चांगला उपाय बहुधा 'आधी'च्या रकान्यात असतो. आग लागल्यावर पाणी ओतण्यापेक्षा चुलीजवळचे गवत आधी हलवावे.

पहिल्या मुलाला पूर्ण पान वाचायला न देता दोन ओळी द्याव्या. कोणत्या दोन, ते त्याला निवडू द्यावे. त्या आदल्या दिवशीच सांगून ठेवाव्या, म्हणजे त्याला घरी सराव करता येतो. दुसऱ्या मुलीने वही फेकण्याची वाट न पाहता, ती शांतपणे काम करीत असतानाच तिच्याकडे दर काही मिनिटांनी जावे. कौतुकही नेमके असावे. नुसते "शाब्बास" म्हटले तर कशाबद्दल ते कळत नाही. "तू हात वर करून विचारलेस, हे छान केलेस," असे म्हटले तर कळते.

ज्या मुलांना अचानक झालेला बदल सोसत नाही त्यांच्यासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी मांडतात. प्रार्थना, गणित, जेवण, खेळ, घर अशी चित्रे एका पट्टीवर लावायची आणि तास संपला की त्याचे चित्र काढून ठेवायचे. सिल्लोडच्या पुढे अजिंठ्याची लेणी आहेत. तेथल्या भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूलाही त्या पाहून गोष्ट उमगत असली पाहिजे. बोललेला शब्द हवेत विरून जातो. चित्र मात्र डोळ्यांपुढे थांबते, पुन्हा पाहता येते. चित्रांची पट्टी वर्गात उपयोगी पडते ती याच कारणाने. स्वमग्न मुलांना शिकवताना हा मार्ग जगभर वापरला जातो.

एक इशारा मात्र लक्षात ठेवला पाहिजे. वही फेकल्यावर मिळणारे लक्ष एकदम बंद केले, तर फेकणे आधी काही दिवस वाढू शकते. विझताना ज्योत मोठी होते, तसे. अशा वेळी गुरुजी कंटाळून पुन्हा रागावले, तर मुलगी शिकेल की अधिक जोराने फेकावे लागते. म्हणून नुसते दुर्लक्ष हा उपाय नाही. त्याच वेळी लक्ष मिळवण्याचा दुसरा चांगला मार्ग तिला दिलाच पाहिजे.

आणि तक्ता भरण्याच्याही आधी करायची एक गोष्ट आहे. मुलाचे कान, डोळे आणि प्रकृती तपासून घ्यावी. फळ्यावरचे दिसत नसेल, दात दुखत असेल, रात्री झोप झाली नसेल, सकाळपासून पोट रिकामे असेल, तर कोणते मूल शांत बसेल? अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद एकटक पाहत राहते आणि त्याला हाका ऐकू येत नाहीत. त्याला 'लक्ष नाही' म्हणून छडी मारणे हा केवढा अन्याय! शाळेत मुलांना तपासायला येणारी आरोग्य पथके २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असतात. अशी मुले त्यांना जरूर दाखवावी.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४४ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा सुरू झाली. १९७२ साली तेथेच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली आणि मेंदूच्या पक्षाघातामुळे हालचाली अडलेल्या मुलांच्या शिक्षणाला तिने हात घातला. या शाळा निराळ्या होत्या. अशा मुलांनी गावातल्या नेहमीच्याच शाळेत बसावे, यासाठी केंद्र सरकारने १९७४ साली एकात्म शिक्षणाची योजना आणली.

आज तो हक्क कायद्यात आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता मोजल्या आहेत. १९९५ च्या कायद्यात त्या सातच होत्या. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना नव्या यादीत जागा मिळाली. तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ शाळांना साहाय्य करतात.

परंतु कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. आत आल्यावर तो टिकेल की नाही, हे त्याच्या वहीचे म्हणणे कोणी वाचते की नाही यावर अवलंबून असते.

काय बदलायचे नाही

येथे एक चूक होण्याचा धोका आहे. सर्व मुले एकसारखी दिसावीत, हा या शास्त्राचा हेतू नव्हे. एखादा स्वमग्न मुलगा आनंद झाला की हात फडफडवतो, विचार करताना पुढेमागे झुलतो. त्याने कोणाला इजा होत नाही, कोणाचा अभ्यास अडत नाही. उलट त्याने त्याचे मन शांत राहते. ते तसेच राहू द्यावे. कोणी डोळ्याला डोळा न देताही लक्षपूर्वक ऐकत असतो. ज्या वर्तनाने त्या मुलाला किंवा इतरांना इजा होते, किंवा त्याचे शिकणे थांबते, तेवढ्याचाच विचार करायचा, आणि शक्य असेल तेथे त्या मुलालाही विचारायचे, "तुला कशाने बरे वाटेल?"

तुमचा वाटा

तुम्ही म्हणाल, हे सारे गुरुजींचे आणि बाईंचे काम. आम्ही काय करणार? पण तक्त्याचा तिसरा रकाना पुन्हा पाहा. वही फेकल्यावर हसते कोण? वळून पाहते कोण? 'नंतर'च्या रकान्यात पुष्कळ वेळा गुरुजींचे नाव नसून वर्गातल्या मुलांचे असते. तुमचे हसणे हे एखाद्याला मिळालेले एकमेव लक्ष असू शकते. तेच लक्ष तुम्ही मधल्या सुट्टीत, डबा उघडताना, खेळात गडी निवडताना दिलेत, तर त्याला वही फेकावीच लागणार नाही. आणि कोणी शब्द अडखळत वाचत असेल तेव्हा पुढचा शब्द मोठ्याने ओरडून न सांगता थोडे थांबलात, तर 'आधी'चा रकानाही तुम्हीच बदललात.

करून पाहा

हा तक्ता दुसऱ्या कोणावर गुपचूप भरू नका. कोणालाही आपल्यावर पाळत ठेवलेली आवडत नाही. तो स्वतःवर भरा. नखे खाणे, अभ्यासातून सारखे उठणे, धाकट्या भावंडावर ओरडणे, यांपैकी आपली एक सवय निवडा. आठ दिवस फक्त मोजा; काही बदलू नका. प्रत्येक वेळी 'आधी' आणि 'नंतर' प्रामाणिकपणे लिहा. मग 'आधी'च्या रकान्यातली एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ, अभ्यासाला बसण्यापूर्वी पाणी पिऊन, पेन्सिल तासून घ्या, आणि पुढचे आठ दिवस पुन्हा मोजा. दोन्ही आठवड्यांचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडा.

रेघ खाली आली तर उत्तमच. नाही आली तर स्वतःला आळशी म्हणू नका. पान पुन्हा एकदा उलटून पाहा; कारण दुसरेच असेल.